बाबा भकनांची पंगत

मी सात-आठ वर्षांचा असताना आजी मला नांदेडला घेऊन गेली होती. हुजूर साहिबचे दर्शन झाल्यावर आम्ही लंगराच्या दालनात शिरलो, तेव्हा दारातल्या सेवादाराने लांबच लांब अंथरलेल्या पट्टीकडे हात करून "पंगत में बैठो जी" असे म्हटले आणि आजी क्षणभर थबकली. तो शब्द तिच्या ओळखीचा होता, तिच्या आयुष्यातली सगळी लग्नकार्ये आणि श्राद्धपक्ष त्या शब्दाने व्यापलेले होते. पण तिच्या गावाकडे पंगत बसण्यापूर्वी कोणाच्या शेजारी कोण बसणार हे ठरलेले असे, आणि काही माणसे शेवटपर्यंत पंगतीत बसतच नसत, त्यांना अंगणाबाहेर वाढले जाई. येथे तिच्या एका बाजूला मी बसलो आणि दुसऱ्या बाजूला, पायांवर सिमेंट वाळलेला एक मजूर. वाढणारा मुलगा "प्रशादा जी" म्हणत आला, पण आजीच्या ताटात रोटी न टाकता तो तसाच वाकून उभा राहिला. शेवटी त्या मजुराने आपले दोन्ही तळवे जोडून ओंजळ पुढे कशी धरायची ते तिला दाखवले. तिने तशी ओंजळ धरली, गरम रोटी तिच्या हातात पडली आणि मुलगा पुढे सरकला. परतीच्या गाडीत ती फारसे बोलली नाही. एकदाच म्हणाली, "पंगत आपलीच, पण रीत निराळी."

आजीचे ते वाक्य मला अनेक वर्षांनी आठवले, ते बाबा सोहनसिंग भकना यांच्याविषयी वाचताना. इंग्रजी राज्य उलथवण्यासाठी अमेरिकेतल्या हिंदी मजुरांनी उभारलेल्या गदर पक्षाचे ते पहिले अध्यक्ष. महाराष्ट्रात गदर म्हटले की लाला हरदयाळ आणि करतारसिंग सराभा ही नावे निघतात, तळेगाव ढमढेरेच्या विष्णु गणेश पिंगळे यांचे नाव अभिमानाने निघते. भकनांचे नाव मात्र बहुतेकांनी ऐकलेले नसते. त्यांच्या सोळा वर्षांच्या कैदेत त्यांनी अनेकदा अन्नत्याग केला. त्यांतला एक उपवास असा आहे की तो कळल्यापासून हा माणूस माझ्या मनातून हललेला नाही, आणि या लेखाचा सगळा खटाटोप त्या एका उपवासापर्यंत पोहोचण्यासाठी आहे.

सोहनसिंग यांचा जन्म जानेवारी १८७० मध्ये अमृतसरजवळच्या खुतराई खुर्द या आजोळच्या गावी झाला. त्यांचे स्वतःचे गाव भकना, अमृतसरपासून काही कोसांवर. घर जमीनजुमला असलेल्या जाट शेतकऱ्याचे. पण वडील करमसिंग मूल अगदी तान्हे असतानाच वारले आणि आई राम कौर यांनी एकटीने मुलाला वाढवले. गुरुद्वारात गुरुमुखी, मग गावच्या शाळेत उर्दू आणि फारसी एवढे शिक्षण झाले, दहाव्या वर्षी लग्न झाले. तारुण्यात ते वाहवत गेले. दारू, मित्रमंडळी आणि उधळपट्टी यांत वडिलोपार्जित जमीन गहाण पडत गेली. त्यातून त्यांना बाहेर काढले ते बाबा केसरसिंग या नामधारी सत्पुरुषाने. नामधारी म्हणजे कूका पंथ. सतगुरू रामसिंगांचा, साधेपणाचा आणि इंग्रजी सत्तेला न मानणारा पंथ. १८७२ च्या जानेवारीत मालेरकोटल्याला इंग्रज अधिकाऱ्यांनी साठाहून अधिक कूक्यांना कोणताही खटला न चालवता तोफेच्या तोंडी दिले होते, तेव्हा सोहनसिंग दोन वर्षांचे होते. त्या आठवणी पंजाबच्या खेड्यांत पुढची कितीतरी वर्षे जिवंत होत्या. केसरसिंगांच्या सहवासात सोहनसिंगांनी दारू सोडली, पण कर्ज काही सुटले नाही. १९०७ साली पंजाबात वसाहत विधेयकाविरुद्ध शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन उभे राहिले त्यातही ते होते. अखेर १९०९ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने जवळजवळ उतारवयात, त्यांनी गाव सोडले आणि एप्रिलच्या सुरुवातीला ते अमेरिकेतल्या सिॲटल बंदरात उतरले.

ओरेगन राज्यात पोर्टलंडजवळच्या मोनार्क मिल या लाकूड कापण्याच्या कारखान्यात त्यांना काम मिळाले. तेथील पंजाबी मजुरांचे आयुष्य समजून घेतल्याशिवाय गदर समजत नाही. ही बहुतेक माणसे शेतकरी होती, पुष्कळ जण इंग्रजांच्या फौजेत शिपाईगिरी करून आलेले, छातीवर पदके मिरवलेले. साम्राज्यासाठी लढलो म्हणजे साम्राज्यात कोठेही मान मिळेल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ती समजूत प्रशांत महासागराच्या त्या किनाऱ्यावर फार लवकर फुटली. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम गावात गोऱ्यांच्या जमावाने हिंदी मजुरांना त्यांच्या बराकींतून ओढून काढून गावाबाहेर हाकलले. मार्च १९१० मध्ये पोर्टलंडच्या शेजारी सेंट जॉन्स येथे तसाच हल्ला झाला. चिनी किंवा जपानी मजुरावर असे काही ओढवले तर निदान त्यांच्या देशाचा वाणिज्यदूत तक्रार करी, त्यांचे सरकार विचारणा करी. हिंदी मजुरामागे कोणीच उभे राहत नव्हते, कारण त्यांचे सरकार म्हणजे इंग्रजांचे सरकार.

भकनांनी नंतर लिहून ठेवलेल्या आठवणींत एक प्रसंग आहे. ते आणि त्यांचा एक सोबती काम मागायला एका कारखान्याच्या व्यवस्थापकाकडे गेले. काम आहे, पण तुमच्यासाठी नाही, असे त्याने सांगितले. वर विचारले, तुमच्या देशाची लोकसंख्या किती? यांनी तीस कोटी सांगितली. ती तीस कोटी माणसे आहेत की मेंढरे, असा त्याचा पुढचा प्रश्न होता. कारण माणसे असती तर ती गुलाम राहिली नसती. आधी जाऊन आपला देश मोकळा करा, मग या, तुमचे स्वागत करणारा पहिला माणूस मी असेन, असे म्हणून त्याने त्यांना परत पाठवले. या प्रसंगात मला महत्त्वाचा वाटतो तो भकनांचा पुढचा विचार. अपमान गिळून दुसऱ्या कारखान्याचे दार ठोठावणे सोपे होते आणि हजारोंनी तेच केले. भकनांनी तो प्रश्न मनात ठेवला आणि रात्री बराकीत एकत्र जेवायला बसणाऱ्या आपल्या माणसांपुढे तो पुन्हा पुन्हा मांडला.

१९१३ च्या पूर्वार्धात पोर्टलंड, अस्टोरिया आणि आसपासच्या गिरण्यांतल्या मजुरांच्या सभा झाल्या आणि 'हिंदी असोसिएशन ऑफ द पॅसिफिक कोस्ट' ही संघटना उभी राहिली. अध्यक्ष सोहनसिंग भकना, सरचिटणीस लाला हरदयाळ, खजिनदार पंडित काशीराम. हरदयाळ हे ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती लाथाडून आलेले प्रकांड विद्वान. त्यांच्या शेजारी अध्यक्षाच्या जागी गावच्या शाळेत जेमतेम शिकलेला, लाकडाच्या गिरणीत राबणारा शेतकरी बसला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. संघटनेचा उद्देश स्पष्ट होता. इंग्रजी राज्य शस्त्राच्या बळावर उलथून टाकायचे आणि त्या जागी स्वातंत्र्य व समता यांवर उभे असलेले प्रजासत्ताक आणायचे. काँग्रेस त्या वेळी सुधारणांचे अर्ज करीत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रजासत्ताक या शब्दाचे वजन कळते. दुसराही एक नियम होता. धर्म ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, पक्षाच्या कामात तिची चर्चा होणार नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत युगांतर आश्रम या नावाने मुख्य कचेरी थाटली गेली आणि १ नोव्हेंबर १९१३ रोजी 'गदर' या साप्ताहिकाचा पहिला उर्दू अंक निघाला. गुरुमुखी आवृत्ती पाठोपाठ आली. मथळ्यावरच 'अंग्रेजी राज का दुश्मन' असे छापलेले असे. पत्राच्या नावावरून संघटनेला लोक गदर पार्टी म्हणू लागले आणि मूळ नाव मागे पडले. छपाईच्या कामात विशीतही न पोहोचलेला करतारसिंग सराभा होता. आश्रमात स्वयंपाक एकत्र आणि जेवणही एकत्र. पंजाबचे जाट, लाहोर-दिल्लीचे पंडित, भोपाळचे मौलवी बरकतुल्ला, बंगाली, मराठी अशी सगळी माणसे एका चुलीवरची भाकरी खात होती. आपल्याकडचे वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हेही याच वर्तुळातले. ओरेगनमध्ये शेतकी शिकताना ते काशीरामांच्या आणि मजुरांच्या संपर्कात आले होते, आणि पुढे महायुद्धाच्या काळात पक्षाच्या लष्करी कामासाठी ते तुर्कस्तान व इराणकडे गेले.

त्या चुलीजवळ आणखी एक माणूस वावरत होता, ज्याचा उल्लेख गदरच्या मराठी लेखांत मला कधी आढळला नाही. होशियारपूर जिल्ह्यातल्या मुगोवाल गावचा मंगूराम. तो चर्मकार समाजातला होता. १९०९ साली, म्हणजे भकना गेले त्याच वर्षी, तोही अमेरिकेत गेला, कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत राबला आणि गदरमध्ये सामील झाला; शस्त्रे हिंदुस्थानात पोहोचवण्याच्या एका अत्यंत धोक्याच्या सागरी मोहिमेत त्याने जीव पणाला लावला. त्याच्याकडे आपण थोड्या वेळाने परत येऊ.

पुढचा इतिहास वेगाने घडला. कोमागाता मारू जहाजातून आलेल्या ३७६ हिंदी उतारूंना व्हँकुव्हर बंदरात दोन महिने अडवून धरून जुलै १९१४ मध्ये कॅनडाने परत पाठवले. भकना त्यांना गाठायला निघाले आणि जपानच्या योकोहामा बंदरात त्यांनी जहाजावर पिस्तुले आणि काडतुसे पोहोचवली. तोवर युरोपात युद्ध पेटले होते. इंग्रज युद्धात गुंतला आहे तोच उठावाची वेळ, असे ठरवून गदरची माणसे अमेरिका, कॅनडा, हाँगकाँग, शांघाय येथून जहाज मिळेल तशी मायदेशाकडे निघाली. यांतल्या पुष्कळांनी वर्षानुवर्षांची बचत, विकत घेतलेली जमीन, हातातले काम जागच्या जागी सोडले. अध्यक्ष स्वतः 'नामसांग' जहाजाने निघाले. १३ ऑक्टोबर १९१४ रोजी ते जहाज कलकत्त्याला लागले आणि धक्क्यावरच त्यांना पकडण्यात आले. ज्या उठावासाठी पंचेचाळिशीला टेकलेला हा माणूस सात समुद्र ओलांडून आला, तो उठाव तुरुंगाच्या भिंतीमागूनच त्याला ऐकावा लागला.

तो उठाव कसा फसला हे आपल्याला पिंगळे यांच्या निमित्ताने बऱ्यापैकी ठाऊक आहे. २१ फेब्रुवारी १९१५ ही तारीख ठरली होती, फितुरीचा संशय येताच ती १९ फेब्रुवारीवर आणली, आणि कृपालसिंग या घरभेद्याने तीही पोलिसांपर्यंत पोहोचवली. पिंगळे मार्चमध्ये मेरठच्या घोडदळाच्या छावणीत बाँबसह पकडले गेले. लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगातच खास न्यायालय बसले आणि १३ सप्टेंबर १९१५ रोजी त्याने २४ जणांना फाशीची शिक्षा सुनावली. त्यांत भकना होते, सराभा होते, पिंगळे होते. सर्वांची मालमत्ता जप्त. फाशीला दोन-चार दिवस उरले असताना व्हाइसरॉय हार्डिंग यांनी सतरा जणांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. उरलेल्या सात जणांना १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरमध्ये फासावर चढवण्यात आले. एकोणीस वर्षांचे सराभा आणि सत्तावीस वर्षांचे पिंगळे त्या सकाळी एकाच तुरुंगात फासावर गेले. जे सतरा जण वाचले त्यांत पक्षाचा अध्यक्ष होता. आपल्या मुलाच्या वयाची पोरे आपल्याआधी गेली, हे ओझे भकनांनी पुढची त्रेपन्न वर्षे वाहिले.

अंदमानविषयी मराठी वाचकाला मी वेगळे काय सांगावे? सेल्युलर जेलचा कोलू आणि काथ्या आपल्या घरोघरी ठाऊक आहे. १९१५ च्या डिसेंबरात गदरचे कैदी तेथे पोहोचले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्यातले अनेक जण मारहाणीने, उपवासाने आणि आजाराने तेथेच संपले. भाई भानसिंग हे नाव त्यांत ठळक. कैद्यांना माणसासारखे वागवावे यासाठी भकनांनी तेथे पुन्हा पुन्हा अन्न सोडले. १९२१ साली त्यांना मुख्य भूमीवर आणून कोइमतूरच्या तुरुंगात ठेवले आणि तेथून ते आले आपल्या येरवड्याला.

मी पुण्यात राहतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा माझा रस्ता येरवड्याच्या तुरुंगावरून जातो. त्या लांब काळ्या दगडी भिंतीकडे पाहताना मला पूर्वी गांधीजींचा उपवास आणि १९३२ चा पुणे करार एवढेच आठवत असे. आता त्या भिंतीआडचा पन्नाशी उलटलेला एक सरदारजीही आठवतो. येरवड्यात शीख कैद्यांना पगडी बांधू देत नसत आणि कछेराही घालू देत नसत. कछेरा म्हणजे आखूड विजार, खालसाच्या पाच ककारांपैकी, म्हणजे शिखांच्या पाच धार्मिक चिन्हांपैकी एक. आणि केस राखणाऱ्या शिखाच्या डोक्यावरून पगडी काढून घेणे म्हणजे काय, हे भर चौकात पागोटे उडवल्याच्या अपमानाची कल्पना असलेल्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको. भकनांनी येथे उपोषण केले. धर्माला पक्षाच्या कामापासून कटाक्षाने दूर ठेवणारा, आयुष्याच्या उत्तरार्धात डाव्या विचारांकडे वळलेला हा नेता स्वधर्मीयांच्या पगडीसाठी उपाशी राहिला. यात मला कोठेही विसंगती दिसत नाही. माणसाने डोक्याला काय बांधावे हे तुरुंगाधिकाऱ्याने ठरवायचे नाही, एवढीच ती गोष्ट होती.

१९२७ साली त्यांना लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात हलवण्यात आले. बारा वर्षांपूर्वी ज्या तुरुंगात त्यांना फाशी सुनावली गेली होती, तोच हा तुरुंग. तेथे जून १९२८ मध्ये त्यांनी पुन्हा अन्न सोडले. कारण असे की जेवणाच्या वेळी मजहबी शीख कैद्यांना इतर, म्हणजे उच्च समजल्या जाणाऱ्या जातींच्या शीख कैद्यांपासून वेगळे बसवले जात होते.

येथे मला थांबावेसे वाटते. मजहबी म्हणजे ज्यांचे पूर्वज अस्पृश्य मानल्या गेलेल्या सफाई करणाऱ्या जातींतून शीख धर्मात आले ते लोक. गुरूंनी पंगत घातली ती नेमकी याचसाठी की राजा असो की झाडूवाला, दोघांनी एका पट्टीवर बसून एकाच कढईतले खावे. 'पहिले पंगत, पाछे संगत' हे वचन तिसरे गुरू अमरदास यांच्याशी जोडले जाते. आमच्या नामदेवांचे ६१ अभंग ज्या ग्रंथात गुरुवाणी म्हणून गायले जातात, त्या ग्रंथाला मानणाऱ्यांच्या घरांत जातीला जागा असायला नको होती. पण समाज ग्रंथापेक्षा सावकाश चालतो. १९२० च्या ऑक्टोबरात अमृतसरच्या सुवर्णमंदिरात तथाकथित खालच्या जातींतल्या शिखांनी आणलेला कडाह प्रसाद स्वीकारायला पुजारी तयार नव्हते, आणि त्या दिवशीच्या संघर्षातूनच गुरुद्वारा सुधारणेच्या मोठ्या चळवळीने जोर धरला. पुढे त्या चळवळीतले, म्हणजे अकाली चळवळीतले, शेकडो शीख मारले गेले, हजारो तुरुंगात गेले. तरीही आठ वर्षांनी लाहोरच्या तुरुंगात पंक्तिप्रपंच चालूच होता.

पंक्तिप्रपंच हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे, कारण मराठीने या पापाला स्वतंत्र नाव दिले आहे आणि दुसरा कोणताही शब्द येथे इतका चपखल बसणार नाही.

कोणी म्हणेल की तुरुंगात वेगळे बसवणारा इंग्रज होता, म्हणजे हेही इंग्रजांविरुद्धचेच उपोषण झाले. तसे पूर्णपणे म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकात, १८४० च्या दशकात, बिहारच्या तुरुंगांत इंग्रजांनी सर्व कैद्यांचा स्वयंपाक एकत्र करण्याचा घाट घातला तेव्हा जात बाटेल या भयाने कैद्यांनी दंगे केले होते. त्यानंतर सरकारने तुरुंगांतल्या जेवणात जातीच्या रूढीला सांभाळून घेण्याचे धोरण ठेवले. म्हणजे तुरुंगातल्या वेगळ्या पंगती सरकारला सोयीच्या होत्याच, पण त्या आपल्या लोकांनाही हव्या होत्या. म्हणूनच भकनांचे हे उपोषण मला इतर सर्व उपोषणांपेक्षा निराळे वाटते. अंदमानात त्यांचा लढा पहारेकऱ्याशी होता, येरवड्यात पगडी उतरवणाऱ्या अधिकाऱ्याशी होता; अशा वेळी सगळे कैदी मनाने आपल्या बाजूला असतात. लाहोरमध्ये त्यांनी ज्या रीतीविरुद्ध अन्न सोडले, ती रीत पाळणारे लोक त्यांच्याच जातीचे, त्यांच्याच धर्माचे, कदाचित शेजारच्याच बराकीतले होते. ते स्वतः जमीनवाल्या जाटाच्या घरात जन्मले होते. वेगळ्या पंगतीत बसून त्यांचे काही बिघडत नव्हते. वय अठ्ठावन्न, कैदेची चौदा वर्षे भरत आलेली, अंदमानाने पोखरलेले शरीर. या वेळी गप्प राहिले असते तर कोणीही त्यांना बोल लावला नसता.

आता मंगूरामकडे येतो. १९२५ साली तो पंजाबात परतला, तेव्हा त्याच्या गावात आणि आसपास शिवाशीव जशीच्या तशी असल्याचे त्याला दिसले. परदेशात ज्या लोकांच्या चुलीवर तो जेवला, त्यांच्याच मुलखात त्याला विहिरीपासून दूर उभे राहावे लागत होते. १९२६ साली त्याने आद धर्म ही दलितांची स्वतंत्र चळवळ सुरू केली; १९३१ च्या जनगणनेत चार लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म आद धर्म असा नोंदवला. गदरच्या एका कार्यकर्त्याने बाहेर येऊन हे केले आणि गदरच्या अध्यक्षाने आत राहून अन्न सोडले. दोघांत या विषयावर काही बोलणे झाले होते असे माझे म्हणणे नाही. पण युगांतर आश्रमाच्या चुलीजवळ ज्यांनी समतेची भाकरी खाल्ली, त्यांना परतल्यावर जुनी पंगत घशाखाली उतरेना, हे या दोन घटना शेजारी ठेवल्यावर मला उघड दिसते. गदरच्या उद्देशपत्रिकेतला समता हा शब्द मी आधी वाचला तेव्हा तो त्या काळच्या क्रांतिकारकांच्या भाषेतला नेहमीचा शब्द वाटला होता. १९२८ चा उपवास कळल्यावर तो मला निराळा दिसू लागला. आपण ज्याला स्वातंत्र्य म्हणतो त्यात इंग्रज गेल्यानंतर जेवायला कोण कोणाच्या शेजारी बसणार हेही येते, हे त्या शेतकरी माणसाने मनाशी पक्के केलेले होते, आणि त्याची किंमत मोजायला तो इंग्रज जाण्याची वाट पाहत थांबला नाही.

पुढच्याच वर्षी, जून १९२९ मध्ये, भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी राजकीय कैद्यांच्या हक्कांसाठी अन्नत्याग सुरू केला. भगतसिंग तेव्हा एकवीस वर्षांचे होते आणि करतारसिंग सराभा यांचे छायाचित्र ते खिशात बाळगीत असत. सराभाचा अध्यक्ष अजून जिवंत होता आणि लाहोरच्याच तुरुंगात होता. भकनांनी त्या पोरांच्या पाठिंब्यासाठी पुन्हा एकदा अन्न सोडले. शिक्षेचा शेवट दृष्टिपथात आला असताना एकोणसाठाव्या वर्षी केलेला हा उपवास. त्या लढ्यात जतीन दास ६३ दिवसांनी, १३ सप्टेंबर १९२९ रोजी गेले.

जुलै १९३० मध्ये भकना सुटले. जेमतेम साठी उलटलेली होती. ज्या गदर कैद्यांच्या सुटकेची तारीख कोणी सांगत नव्हते त्यांच्यासाठी ते हिंडू लागले, शेतकऱ्यांच्या सभांत आणि नंतर किसान सभेच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर सत्तरीच्या या माणसाला पुन्हा उचलून राजस्थानातल्या देवली छावणीत सुमारे तीन वर्षे डांबण्यात आले. देश स्वतंत्र झाल्यावर, १९४८ च्या वसंतात, स्वतंत्र भारताच्या सरकारनेही त्यांना काही आठवडे अटकेत ठेवले. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि कम्युनिस्ट पक्षाबरोबर काम करीत होते. सुटल्यावर त्यांनी काम थांबवले नाही. डिसेंबर १९६८ मध्ये, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.